थर्मोस्टॅट आणि तुकईथडची भाऊबीज

१४ ऑक्टोबर १९५६, रविवार. दसरा.
मोटार घेतली. बऱ्हाणपुरात सायन्स शिकवणारे मास्तर तीन, मोटारवाला एकच. जंगल खात्यातल्या साहेबांची गाडी. साहेब नागपूरकडचे. एक तारखेपासून आपली राजधानी नागपूर सुटून भोपाळ होणार, त्यात साहेबांची बदली तिकडच्या तिकडे झाली आणि गाडी इथल्या इथे राहिली. नव्या राज्यरचनेचा जनतेला झालेला हा पहिला फायदा.

किल्ली देताना साहेब म्हणाले की, सहा वर्षांत या गाडीला कुंडीच्या (जमिनीखालच्या भुयारांतून येणाऱ्या) पाण्याशिवाय दुसरं पाणी शिवलेलं नाही. ऐकून भरून आलं. बादशाही काळापासून सारं शहर जे पाणी पितं, दगड खाल्ला तरी पचवतं असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याच पाण्यावर वाढलेली गाडी! चांगल्या घरची आहे.

शेजारचे विनायकराव (जिनिंगमध्ये हेडक्लार्क, खोट काढण्यात पटाईत) म्हणाले, जुनी दिसते. म्हटलं, जुनं ते सोनं, आणि सोनं लुटायचा आजच दिवस.

सौ. मालूनं हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. संध्याकाळी दोघं सीमोल्लंघनाला निघालो. वेशीवरच्या शनवाऱ्याच्या दरवाज्यापाशी बॉनेटमधून वाफ. सीमा तेवढी ओलांडायची राहिली. बाकी गाडी उत्तम.

संकल्प: गाडीची रोजनिशी ठेवणार. निरीक्षण, अनुमान, प्रयोग, सिद्धांत. अडाणी मिस्त्रीचा हात गाडीला लागू देणार नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार.
गाडीबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक एका बैठकीत वाचलं. (चित्रं धरून.) दोष सापडला. थर्मोस्टॅट! इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये ही लहानशी झडप असते. पाणी गार असेपर्यंत बंद राहते. पाणी तापलं की आपोआप उघडते आणि पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवतं. झडप उघडली नाही तर पाणी उकळतं. आमचं पाणी उकळतं. अर्थात झडप उघडत नाही. सात मिनिटांत डायग्नोसिस.

मालूला सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली की किटली आतून पांढरी झालीय, चहाला चुना लागतो, येताना चिंच आणा, घासायला. हिला विज्ञानाची गोडी लावली पाहिजे.

१६ ऑक्टोबर, मंगळवार.
चिंच विसरलो.

साहेबांच्या वेळी गाडी बघणाऱ्या मोतीलाल मिस्त्रीला रस्त्यात गाठून सहज विचारलं. (सल्ला म्हणून नव्हे, त्याची परीक्षा म्हणून.) त्याचं म्हणणं, मास्टरजी, वो चीज तो इसमें हैच नहीं, मैंनेच निकालके फेक दी कबकी, अपने यहां की गर्मी में उसका क्या काम. ऐकून कीव आली. थर्मोस्टॅट नसेल तर तो बिघडेल कसा? आणि तो बिघडलाय हे तर काल सिद्ध झालं. अशिक्षितांना तर्कशास्त्राची ओळख नसते.

घरी आलो तर तुकईथडहून यादवचं कार्ड. यादव हा मालूचा भाऊ, एकुलता एक. केळीच्या घडांनी भरलेल्या बैलगाडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, पाय प्लास्टरमध्ये. यंदा भाऊबिजेला येणं होत नाही, ताईनं रागावू नये. अकरा वर्षांत त्यानं एकही भाऊबीज चुकवलेली नाही. एकदा तर नाल्याला पूर असताना बैल सोडून पोहत आला होता. मालूनं कार्ड दोनदा वाचलं, फडताळात ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. डोळे भरलेले. मला फार वाईट वाटलं.

मग जाहीर केलं: भाऊ येऊ शकत नसेल तर बहीण जाईल, आणि तीही स्वतःच्या मोटारीनं! मालूनं कार्ड पुन्हा फडताळात ठेवलं. म्हणाली, बघा हं, तो वाट बघत बसेल. म्हटलं, त्यात बघायचं काय? एका झडपेचा तर प्रश्न.

१८ ऑक्टोबर, गुरुवार.
पहिला प्रयोग. पुस्तकात म्हटलंय की इंजिन तापल्यावर रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीला हात लावावा. नळी गार लागली तर थर्मोस्टॅट बंद आहे असं समजावं. हात लावला. नळी सणसणीत गरम. दोन बोटांना फोड.

थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. पुस्तक विलायतेत, थंड हवेत लिहिलेलं. आपल्याकडे हवामान उलट, म्हणून टेस्टचा निकालही उलट धरायचा. म्हणजे थर्मोस्टॅट बंदच. सिद्धांत पक्का होत चाललाय.

खालची नळी मात्र बर्फासारखी गार होती. का, ते पुस्तकात होतं, पण बोटाला लोणी लावल्यामुळे पान चिकटलं.

२० ऑक्टोबर, शनिवार.
आजचा दिवस सोन्याचा. नववीला ‘जड पाणी’ हा धडा घेतला. आठवडाभर घरी मोठ्यानं तयारी केली होती. मालू पोळ्या लाटताना ऐकतेय असं मधूनमधून वाटत होतं, पण ती बहुधा पोळ्याच लाटत होती. वर्गात नेण्यासाठी आमची किटली मागून नेली. ज्या पाण्यात चुना विरघळलेला असतो ते जड पाणी. तापवलं की चुना वेगळा होतो आणि भांड्याच्या अंगाला दगडासारखा बसतो. भांडं मग नीट तापत नाही, नीट निवत नाही. किटलीत सगळ्यांना डोकावायला लावलं. वर्ग मंत्रमुग्ध.

विनायकरावांची अलका नववीतच आहे. तिनं विचारलं की सर, मग आपलं कुंडीचं पाणी जड का? मी म्हटलं, कुंडीचं पाणी हा आपला अभिमान आहे आणि हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. मुलीला वाचन कमी.

किटली प्रयोगशाळेतच राहिली. मालू पातेल्यात चहा करते. तक्रार नाही. चिंचेबद्दल मात्र पुन्हा विचारलं.

२२ ऑक्टोबर, सोमवार.
झडप बाहेर काढून बघायचं ठरवलं. माझा पाना लहान पडला म्हणून मोतीलालला बोलावलं. फक्त पाना घेऊन ये, असा निरोप दिला होता. तो पान्याबरोबर स्वतःही आला. इंजिनावरच्या डबीचं झाकण काढलं. आत पोकळी. थर्मोस्टॅट नाही!

मोतीलालनं विडी पेटवली. त्याचा चेहरा मला आवडला नाही.

पण मी डगमगलो नाही. निदान आता अधिक शुद्ध झालं: थर्मोस्टॅट बिघडलेला आहे, इतका की तो नाहीच. नसणं ही बिघाडाची शेवटची पायरी. मुंबईला नव्या थर्मोस्टॅटसाठी तार केली.

मोतीलाल जाताना म्हणाला की रेडिएटर खोलके एक बार अंदर देखना मंगता. म्हटलं, दिसेल त्याला पान्यानं ठोकत सुटायची सवय सोड.

२५ ऑक्टोबर, गुरुवार.
गाडीला रोज थोडं चालवतो, म्हणजे तिला सवय राहील. शाळेपर्यंत जाऊन-येऊन चार वेळा पाणी भरावं लागतं. त्यासाठी भिकाजी कावडीवाल्याकडून खास कुंडीचं पाणी बांधून घेतलंय. विनायकरावांनी सुचवलं की पावसाचं साठवलेलं नाहीतर तापीचं पाणी घालून बघा. म्हटलं, गाळ घालू? हे शहर तीनशे वर्षं ज्या पाण्यावर जगलं ते सोडून?

आज झाकण उघडून पाहिलं तर रेडिएटरच्या तोंडाशी आतून शुभ्र पांढरा थर. हात लावला तर टणक. इतकी शुद्धता मी कुठल्याही भांड्यात पाहिली नाही. मालूला दाखवायला बोलावणार होतो, पण ती करंज्यांचं सारण भाजत होती.

तिनं यादवला कार्ड टाकलंय: येतो आहोत. मोटारीनं. शेवटचा शब्द माझ्या आग्रहावरून.

२९ ऑक्टोबर, सोमवार.
पार्सल आलं! पितळेचं, मनगटी घड्याळाएवढं, अत्यंत देखणं. दोरा बांधून दिवसभर खिशात बाळगलं. स्टाफरूममध्ये हेडमास्तरांना दाखवलं. त्यांना वाटलं ते शाळेच्या घंटेचं काहीतरी आहे.

बसवण्यापूर्वी टेस्ट हवीच. दुधाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, दोऱ्यानं थर्मोस्टॅट सोडला. कितीला उघडतो ते मोजायला थर्मामीटर पाहिजे, म्हणून घरातला तापाचा बुडवला. तो एकशे दहापर्यंतच असतो हे मला माहीत आहे, मी शिकवतो. ऐन वेळी लक्षात राहिलं नाही. फुटला. पारा पातेल्यात.

पण झडप उघडली! डोळ्यांनी पाहिली! मालूला हाक मारली. ती आली, पातेल्याकडे बघितलं, पाऱ्याच्या गोळ्यांकडे बघितलं आणि पातेलं उचलून परसात पुरून आली. दूध आता कढईत तापतं.

३१ ऑक्टोबर, बुधवार.
थर्मोस्टॅट बसवला. मोतीलालनं बसवला, मी देखरेख केली. तो म्हणाला, पहले तीन मील पे गरम होती थी, अब क्या होयेगा देखना. बघितलं. आता एका मैलावर गरम होते. म्हणजे यंत्र आता पूर्वीपेक्षा तिप्पट संवेदनशील झालंय. प्रोग्रेस.

चिंच विसरलो.

१ नोव्हेंबर, गुरुवार. नरकचतुर्दशी.
पहाटे अभ्यंगस्नान, उटणं, फटाके. बंबात पाणी तापायला फार वेळ लागला. मालू म्हणाली, बंबही आतून भरलाय. घरातल्या प्रत्येक वस्तूत काहीतरी खोट काढायची हिची सवय.

आठ वाजता शाळेत नव्या राज्याचा समारंभ. हेडमास्तरांना घरून आणायचं काम मोटारीमुळे माझ्याकडे. त्यांना आणलं, म्हणजे निम्म्या वाटेपर्यंत आणलं. पुढचं अंतर ते पायी चालले, मी कपाळाला रुमाल बांधून बॉनेटपाशी उभा. त्यांनी भाषणात सांगितलं की आता निमाड, माळवा, महाकोशल सगळे एक, सर्वांनी एकमेकांना ओढून पुढे न्यावं. ‘ओढून’ म्हणताना माझ्याकडे बघितल्यासारखं वाटलं. पेढे चांगले होते.

२ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन.
तुकईथडहून कडू आला. यादवचा सालदार, कापूस घेऊन जिनिंगला आला होता. यादवनं सांगून पाठवलं होतं: मोटारीचा भरवसा नसला तर ताईला बैलगाडीतून घेऊन ये, उद्या सकाळी निघालं तर रात्री खकनारला मुक्काम करून भाऊबिजेला दुपारपर्यंत पोचाल.

मला हे लागलं. भरवसा! मी कडूला मोटारीभोवती फिरवलं, थर्मोस्टॅट म्हणजे काय ते सांगितलं, झडप कशी उघडते ते हातांनी दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की मास्तर, माह्ये बैल उकयत नई. तापले त सावलीत उभे ऱ्हायतात, पानी पेतात अन् निंघतात. मी त्याला रिकामा परत पाठवला. म्हटलं, यादवरावांना सांग, चार तारखेला सकाळी नऊ वाजता दारात हॉर्न वाजेल.

मालू कडूला चकल्या बांधून द्यायला दारापर्यंत गेली आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत होती. बैलांची चौकशी करत असेल. माहेरचे बैल.

पूजेला थर्मोस्टॅटचं पुस्तकही ठेवलं.

३ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा.
उद्याचं टाइमटेबल तयार करून भिंतीला लावलं. प्रस्थान पाच. खकनार साडेसहा. डोईफोडियाचा फाटा सात वाजून दहा. तुकईथड साडेआठ, अर्धा तास हातात. कुंडीच्या पाण्याचे चार डबे.

किटली शाळेतून परत आणली. मालू वाटेत चहा करणार म्हणते. घासलेली नाही. चिंच नव्हती.

मालूनं ओवाळायचं तबक, निरांजन, सुपारी, यादवला धोतरजोडी, सगळं एका पेटीत भरलं. रात्री जेवताना म्हणाली, त्याला ठाऊक असेल ना की आपण नक्की येतोय? म्हटलं, मी शब्द दिलाय. ती म्हणाली, तुम्ही दिलाय म्हणून तर विचारलं. हिचा स्वभाव थोडा भित्रा आहे.

४ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.
५.४०. प्रस्थान. (हँडल मारून खांदा भरून आला.) विनायकराव गॅलरीत उभे. मी हात हलवला.

६.०५. किंचित वाफ. पहिला डबा.

६.५०. वाफ. दुसरा डबा. पहाटेची हवा छान आहे. मालूला रस्त्याकडेच्या केळीच्या बागा दाखवल्या. ती म्हणाली, तिला ठाऊक आहेत.

७.४५. तिसरा आणि चौथा.

१०.३०. खकनार. टाइमटेबलच्या चार तास मागे, पण गाव गाठलं. पन्नासेक माणसं भोवती. एकानं विचारलं, चहा होतोय का आत? विहिरीवर डबे भरले. हे कुंडीचं पाणी नाही याचं वाईट वाटलं, पण नाइलाज.

१२.१५. डोईफोडियाच्या फाट्याजवळ. चारही डबे संपले. इंजिन असं कडकड वाजलं की बंद करावंच लागलं. आसपास पाणी नाही. मालू पळसाच्या सावलीत दगडावर बसलीय. पेटी मांडीवर. भांडली असती तर बरं झालं असतं. फक्त उन्हाकडे बघून म्हणाली की यादव माझ्याशिवाय जेवणार नाही, आणि पाय मोडल्यापासून आधीच त्याचं जेवण कमी झालंय.

पहिल्यांदाच भीती वाटली. गाडीची नव्हे.

१२.५०. मागून घुंगरांचा आवाज. कडू! काल सकाळी निघालेला माणूस आज आमच्या मागून कसा येतो? म्हणाला की खकनारला बैलाचा नाल पडला, मंग थांबलो. दोन्ही बैलांचे चारही पाय पाहिले. सगळे नाल जुने. गाडीत नवेकोरे दोरखंड. रिकाम्या बैलगाडीत दोरखंड कशाला? मी विचारलं नाही. मालूनंही माझ्याकडे बघितलं नाही, पेटी उचलून सरळ बैलगाडीत चढली.

कडूनं मोटार मागे बांधली. मी स्टिअरिंगवर. गाडी सोडून जाणं मला पटणारं नव्हतं. सरासरी वेग ताशी दोन मैल. मात्र उरलेल्या आठ मैलांत इंजिन एकदाही तापलं नाही, ही नोंद महत्त्वाची आहे.

सायं. ५.००. तुकईथड. यादव सकाळपासून दारात खाटेवर, प्लास्टरचा पाय उशीवर. बैलगाडीत बहीण आणि मागे दोरीला मोटार, मोटारीत ताठ बसलेला मी, हे पाहून तो इतका हसला की मोडका पाय दुखायला लागला. हसता हसता रडला. मालूही. त्यानं काही खाल्लं नव्हतं. तिनं पेटी उघडली, निरांजन लावलं, ओवाळलं. त्याच्या कपाळाला कुंकू लावताना तिचा चेहरा असा उजळला की मी बॉनेट झाकायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

शब्द दिल्याप्रमाणे दारात हॉर्न वाजवला. फक्त वेळ सायंकाळची.

५ नोव्हेंबर, सोमवार. तुकईथड.
आज सकाळी जे घडलं ते शास्त्रीय प्रामाणिकपणे नोंदवतो.

यादवला गाडीच्या आतली शुद्धता दाखवावी म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलं. मालू शेजारी किटली घेऊन उभी होती. तिनं आत बघितलं. मग किटलीत बघितलं. मग बोट घालून थराचा एक तुकडा खरवडून काढला आणि म्हणाली, अहो, ही माझी किटलीच की.

आणि तिनं तिथंच, तिच्या वहिनीसमोर, यादवसमोर, कडूसमोर, नववीचा संपूर्ण धडा म्हणून दाखवला. ज्या पाण्यात चुना विरघळलेला असतो ते जड पाणी. तापवलं की चुना भांड्याच्या अंगाला बसतो. भांडं मग नीट निवत नाही. माझेच शब्द, माझ्याच जागी थांबे घेऊन. पोळ्या लाटताना सगळं ऐकत होती तर! साहेबांची सहा वर्षं आणि माझे वीस दिवस, इतका चुना आत. पाणी जायला वाट कुठून राहणार? खालची नळी गार का होती, तेही तिनंच सांगितलं: वरचं गरम पाणी खालपर्यंत पोचतच नव्हतं. मी तिला नळीबद्दल बोललो होतो हेसुद्धा मला आठवत नव्हतं.

मी म्हटलं, हे मला माहीत होतंच, मी दुसऱ्या टोकाकडून तिकडेच येत होतो.

वहिनीनं बरणीतली जुनी चिंच काढली. हंडाभर पाण्यात उकळली, फडक्यानं गाळली, रेडिएटरमध्ये ओतली. इंजिन चालवून तळाचा नळ सोडला तर भाताच्या पेजेसारखं पाणी आणि पापुद्रेच पापुद्रे. तीनदा केलं. मग साठवलेलं पावसाचं पाणी भरलं. गावाला सहा फेऱ्या मारल्या. तापमापकाची सुई जागची हलली नाही. यादव खाटेवरून प्रत्येक फेरीला टाळ्या वाजवत होता.

उरलेल्या चिंचेत मालूनं किटली घासून घेतली. लख्ख.

७ नोव्हेंबर, बुधवार.
परत आलो. एकदाही थांबावं लागलं नाही. मालू वाटभर झोपली होती. हा गाडीवरच्या विश्वासाचा पुरावा मानतो. शनवाऱ्याचा दरवाजा थाटात ओलांडला, दसऱ्याचं सीमोल्लंघन उलट्या दिशेनं का होईना झालं.

विनायकरावांनी थर्मोस्टॅटचं विचारलं. म्हटलं, नवा बसवल्यावर फरक पडला. मालू पायरीवर होती. नुसती हसली.

आत आल्यावर कळलं, निघताना तिनं कडूला सांगून ठेवलंय की पुढच्या दिवाळीत पाडव्याच्या आदल्या दिवशी बैलगाडी घेऊन ये. का, म्हणून विचारलं. म्हणाली, सवय म्हणून.

मोतीलालनं थर्मोस्टॅट काढून कागदात गुंडाळून दिला. मास्टरजी, पेपर पे रखने के काम आयेगा, म्हणाला. त्याला आता थोडं समजू लागलंय.

२४ नोव्हेंबर, शनिवार.
नववीच्या चाचणीचे पेपर तपासायला घेतले. अडतीस पेपर, थर्मोस्टॅटखाली. वजन अगदी योग्य.

पाचवा प्रश्न मीच काढला होता: जड पाण्यामुळे होणाऱ्या नुकसानीचं एक उदाहरण द्या. पुस्तकात उत्तर आहे, कारखान्याचा बॉयलर. पहिल्या पेपरात लिहिलंय, सरांची मोटार. उद्धटपणा समजून शून्य दिलं. दुसऱ्यातही सरांची मोटार. तिसऱ्यात, चौथ्यात. आठव्यात आकृती काढलीय, भागांना नावं दिलीयत: मोटार, दोरखंड, बैल, सर. आकृती प्रमाणबद्ध आहे. मालू गप्पा मारायला विनायकरावांकडे जाते हे मला ठाऊक होतं, पण इतकं तपशीलवार!

एका मुलानं किटली लिहिलंय. मोटारीची गोष्ट वर्गात पसरली त्या दिवशी तो बहुतेक गैरहजर होता.

अलकाचा पेपर शेवटी. तिनं पूर्ण पान लिहिलंय. चुना कसा बसतो, पाणी का फिरत नाही, वरची नळी गरम आणि खालची गार का असते, सगळं. शेवटची ओळ: उपाय — चिंचेचं पाणी, अधिक माहितीसाठी मालूकाकूंना विचारावे.

उत्तर बरोबर आहे. दहापैकी दहा दिले. पहिल्या पेपरांची शून्यंही खोडून नीट केली.

मालूनं आताच स्वयंपाकघरातून विचारलं. चिंच विसरलो.